मुंबई ते कराची : ८७५ किलोमीटर

गेल्या महिन्यात एका रात्री जेवताना अम्मीने एकदम विचारले, "कराची इथून किती लांब आहे रे?" मी काही बोलायच्या आत माझ्या मुलीने मोबाइलवर दोन शहरांची नावे टाकून उत्तर वाचून दाखवले: हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर, विमानाचा वेळ साधारण एक तास पस्तीस मिनिटे. म्हणजे नागपूरपेक्षा थोडे दूर आणि दिल्लीपेक्षा बरेच जवळ. अम्मी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग सकाळी जाऊन रात्री जेवायला परत येता येईल की."

हिशेबाने तिचे म्हणणे बरोबर होते. मोबाइल जे सांगतो ते पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर. विमान ताशी आठशेच्या वेगाने उडेल असे धरायचे, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा, झाला प्रवासाचा वेळ. त्या हिशेबात पासपोर्ट येत नाही, व्हिसा येत नाही आणि मुळात असे विमान आहे की नाही हा प्रश्नही येत नाही. मुलीने पुढे तिकीट शोधले तेव्हा खरा प्रवास समोर आला. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, तिथे काही तास थांबणे, मग दुबई ते कराची सुमारे १,१९० किलोमीटर. दोन्ही मिळून तीन हजार एकशेच्या वर, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीन पट. वायव्येला जायचे आणि त्यासाठी आधी समुद्र ओलांडून आखातात उतरायचे. तेही व्हिसा असेल तर, आणि व्हिसा नाही.

अम्मीची थोरली बहीण, माझी खाला, कराचीत असते. वय ८६. एप्रिलमध्ये ती घरात पडली, खुब्याचे हाड मोडले आणि तेव्हापासून अंथरुणावर आहे. अम्मी ८० वर्षांची आहे. तिचा प्रश्न भूगोलाचा नव्हता, हे घरातल्या सगळ्यांना कळले. कोणी काही बोलले नाही.

संपादकीयात घरची गोष्ट सांगण्याची आपल्या मासिकात पद्धत नाही. पण या विषयावर लिहायला बसलो की आपल्याकडचे लोक एक तर "सरहद्दीपलीकडचे भाईचारे" वगैरे गहिवर आणतात किंवा काहीच बोलत नाहीत. दोन्ही मला नको आहे. म्हणून जे माहीत आहे तेच सांगतो.

खालाचे लग्न १९६१ मध्ये झाले. आमचे गाव श्रीवर्धन तालुक्यातले. गावातले पुरुष जहाजांवर, नाही तर बंदरांत कामाला. काही मुंबई बंदरात, काही कराचीत. त्या पिढीला ती दोन वेगळ्या देशांतली शहरे वाटण्याचे कारणही नव्हते, कारण १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीच्या शाळांमधून मराठी माणसे शिकवत होती. नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा आजही तिथे उभी आहे. फाळणी झाली तेव्हा खालूंचे वडील कराची बंदरात नोकरीला होते, ते तिथेच राहिले. चौदा वर्षांनी त्यांनी मुलासाठी गावातलीच मुलगी मागितली. अम्मी तेव्हा पंधरा वर्षांची होती. बहिणीला आगबोटीवर पोचवायला ती मुंबईला आली होती. दीड-दोन दिवसांचा प्रवास, सोबत सुकट-बोंबलाचे गाठोडे आणि नारळ. "पुढच्या मे महिन्यात येते," असे सांगून खाला गेली आणि खरोखरच आली. १९६३ मध्ये परत आली. १९६५ च्या युद्धाने आगबोट बंद झाली ती कायमची.

त्याच वर्षी राजस्थानातली मुनाबाव-खोखरापार रेल्वेही तुटली. ती २००६ मध्ये थार एक्स्प्रेस म्हणून पुन्हा जोडली गेली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा थांबली. समझौता एक्स्प्रेस १९७६ ते २०१९. दिल्ली-लाहोर बस १९९९ ते २०१९. विमानांचा इतिहास याहून विचित्र आहे. जानेवारी १९७१ मध्ये 'गंगा' नावाचे भारतीय विमान लाहोरला पळवून नेण्यात आले, तिथे ते जाळले गेले आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली. त्यामुळे कराचीहून ढाक्याला जाणारी विमाने श्रीलंकेला वळसा घालून जाऊ लागली. एकाच देशाची दोन टोके, आणि मध्ये कोलंबो. संसदेवरच्या हल्ल्यानंतर जानेवारी २००२ पासून दोन वर्षे हवाई वाहतूक बंद होती, ती १ जानेवारी २००४ ला सुरू झाली. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने साडेचार महिने आकाश बंद ठेवले. पहलगाममध्ये २६ निरपराध माणसे मारली गेल्यानंतर, एप्रिल २०२५ पासून, दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले आणि महिन्या-महिन्याने त्याची मुदत वाढत गेली. तिसऱ्या देशाची विमाने मात्र दोन्हीकडून ये-जा करतात.

यातली एक गोष्ट मला चुटपुट लावते. या देशातली नागरी विमानसेवा ज्या उड्डाणाने सुरू झाली ते उड्डाण कराची ते मुंबई होते. १५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी टाटांनी एक इंजिनाच्या छोट्या पुस मॉथ विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन कराचीचे द्रिघ रोड मैदान सोडले, अहमदाबादला इंधन भरले आणि दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. म्हणजे ९४ वर्षांपूर्वी, आजच्या मोटारगाडीच्या वेगाच्या दुप्पटही न जाणाऱ्या विमानाने, वाटेत थांबून, सात-साडेसात तासांत हा प्रवास झाला होता. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, ७८ वर्षांचे जेआरडी तेच उड्डाण पुन्हा करायला कराचीला गेले आणि तसेच एकटे विमान चालवत मुंबईला आले. मधल्या काळात तीन युद्धे होऊन गेली होती, तरी परवानगी मिळाली. त्या उड्डाणातून जन्मलेल्या कंपनीला आज कराचीवरून नुसते जाताही येत नाही. आणि ज्या टपालासाठी ते विमान उडाले होते, त्या टपालाचे काय? मे २०२५ मध्ये पाकिस्तानातून येणारी पत्रे आणि पार्सले घेणे बंद करण्याचा आदेश निघाला. खालाचे पत्र आता १९३२ च्या वेगानेही येऊ शकत नाही.

मी स्वतः एकदाच कराचीला गेलो, अम्मीला घेऊन, २००५ मध्ये. तेव्हा थेट विमान होते. पण त्या दीड तासाच्या आधीचे चार महिने मला जास्त आठवतात. १९९४ पर्यंत दोन्ही शहरांत एकमेकांच्या वकिलाती होत्या, त्या बंद झाल्या. त्यामुळे मुंबईच्या माणसाने कराचीचा व्हिसा दिल्लीला जाऊन मागायचा. पावणेनऊशे किलोमीटर उत्तर-पश्चिमेला जायचे म्हणून आधी रेल्वेने चौदाशे किलोमीटर दिल्ली, चौदाशे परत. मी तीन फेऱ्या केल्या. एकदा फोटोची पार्श्वभूमी चुकली म्हणून, एकदा खालूंच्या ओळखपत्राची प्रत पुसट म्हणून. इकडे एका पोलीस ठाण्यातून दोन जण चौकशीला आले. सभ्यपणे बोलले, चहा प्यायले. पण जाताना त्यांतला एक शेजाऱ्यांच्या दारात उभा राहून "यांचं तिकडे काय आहे?" असे विचारून गेला आणि पुढचे वर्षभर आमच्या इमारतीत "तिकडे" हा शब्द राहून गेला.

विमानात जेवणाचा ट्रे आला, आणि तो आवरायच्या आत खाली उतरायची घोषणा झाली. व्हिसावर एकाच शहराचे नाव होते. पोचल्यावर चोवीस तासांच्या आत पोलिसांत नोंद, निघताना पुन्हा नोंद. खालाच्या घरी दार उघडताच तळलेल्या माशाचा वास आला आणि आतून कोकणीत कोणी तरी ओरडले की पाहुण्यांना आधी पाणी द्या. कराचीत कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती आहे, त्यांची स्वतःची सोसायटी आहे. नातवंडे उर्दूच बोलतात, पण त्या पंधरा दिवसांत दोघी बहिणी स्वयंपाकघरात जी भाषा बोलत होत्या ती त्यांच्या नातवंडांना धड कळत नव्हती आणि माझ्या मुलीलाही आज कळत नाही. कराचीत काही मराठी हिंदू कुटुंबेही आहेत, ती आजही गणपती बसवतात. त्यांचीही नाती मुंबई-पुण्याकडे आहेत. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण हा प्रश्न फक्त आपला आहे असे समजणे सोयीचे असले तरी खरे नाही.

ते थेट विमानही २०१७ मध्ये थांबले. २०२१ मध्ये खालू गेले, ते आम्हाला व्हॉट्सॲपवर कळले. जनाज्याची नमाज अम्मीने मोबाइलच्या पडद्यावर पाहिली. मध्येच चित्र अडकले आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा माणसे निघून चालली होती.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो, कारण तो खरा आहे आणि त्याला वळसा घालून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. नोव्हेंबर २००८ मध्ये दहा जण कराचीहून याच समुद्रातून मुंबईला आले आणि त्यांनी १६६ माणसे मारली. सीएसटीवर त्यांच्या गोळ्यांना बळी पडलेल्यांत मुसलमानही होते. त्यांना कोणाच्या व्हिसाची गरज लागली नाही. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नकार दिला. तो निर्णय कोणी दबाव आणला म्हणून झाला नव्हता. मुंबईच्या मुसलमानांच्या मनात जे होते ते त्यांनी केले, आणि मला आजही त्याचा अभिमान आहे. जे राज्य अशा टोळ्यांना थारा देते त्याच्याशी आपल्या सरकारने कठोर वागावे, व्हिसा देताना दहादा तपासावे, याबद्दल माझी तक्रार नाही. २६/११ च्या रात्री मी स्वतः जेजे रुग्णालयाच्या आवारात रक्त द्यायला उभा होतो. मला हे कोणी शिकवण्याची गरज नाही.

पण तपासणे वेगळे आणि खिडकीच बंद करणे वेगळे. ८० वर्षांच्या बाईची चौकशी करायला किती वेळ लागतो? तिचे ठसे घ्या, नातवाचे हमीपत्र घ्या, दर सकाळी पोलीस ठाण्यात हजेरी लावायला सांगा. ती लावेल. २०१२ मध्ये दोन्ही देशांनी जो व्हिसा करार केला त्यात ६५ वर्षांवरच्या माणसांना अटारी-वाघा सीमेवरच व्हिसा देण्याची सोय लिहिलेली होती. म्हणजे म्हाताऱ्या माणसांपासून देशाला धोका नाही हे दोन्ही सरकारांनी सहीनिशी मान्य केले होते. आज ती सीमाच बंद आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये अटारीवर जे दिसले ते अनेकांनी टीव्हीवर पाहिले असेल: आईचा पासपोर्ट एका देशाचा, मुलांचा दुसऱ्या, आणि दारात उभे राहून कोणी कुठे जायचे ते ठरवायचे.

आणि हे केवळ लग्नसंबंधांचे दुखणे नाही. मासे पकडताना समुद्रातली न दिसणारी रेघ ओलांडली म्हणून आपले खलाशी कराचीच्या तुरुंगात असतात, त्यांचे आपल्याकडे असतात. दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही सरकारे कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातला एक आदिवासी खलाशी तिथल्या तुरुंगात वारला. त्याचा मृतदेह घरी यायला साधारण दीड महिना लागला, कारण तो कराचीहून वाघा, वाघ्याहून अमृतसर आणि तिथून मुंबई असा आला. त्याच्या घरच्यांना खाला म्हणजे काय ते माहीत नसेल. पण ८७५ किलोमीटर म्हणजे काय ते त्यांच्याइतके कोणाला माहीत आहे?

आपल्यातही एक गोष्ट आहे, ती बोलायला हवी. ज्यांची ऐपत आहे त्यांनी वाट शोधलेली आहे. दुबई हे आता कोकणी घराण्यांचे बैठकघर झाले आहे. दोन्हीकडून माणसे तिथे येतात, एखाद्या भाच्याच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर राहतात, साखरपुडेसुद्धा तिथे होतात. त्यामुळे समाजातले जे बोलू शकतात, ज्यांची खासदार-मंत्र्यांकडे ऊठबस आहे, त्यांना हा प्रश्न जाणवतच नाही. उरतात ती माझ्या अम्मीसारखी, विमान बदलताना चाकाची खुर्ची लागणारी, किंवा ज्यांच्या घरात दोन तिकिटांचे पैसे नाहीत अशी. आणि ती बोलत नाहीत. आपण घाबरून गप्प बसतो. मुलांना सांगतो, शाळेत बोलू नको आपले कोणी तिकडे आहे म्हणून. भाडेकरार करताना, नोकरीचा अर्ज भरताना, मुलीचे स्थळ पाहताना खाला आणि फुफी वंशावळीतून गाळून टाकतो. "पाकिस्तानात जा" असे रस्त्यावर कोणीही सुनावू शकतो. खरोखर जायचे असेल, पंधरा दिवसांसाठी, मरणाऱ्या बहिणीला पाहायला, तर मात्र ते शब्द तोंडातून काढायची चोरी. मीही वीस वर्षे या पानांवर लिहितो आहे, तलाकवर लिहिले, शिक्षणावर लिहिले, वक्फच्या जमिनींवर लिहिले. खालाबद्दल आज पहिल्यांदा लिहितो आहे. कारण वेगळे सांगायला नको.

सरकारी बाजूने पाहिले तर या प्रश्नाला घाई नाही. सरहद्दीपलीकडची लग्ने जवळजवळ थांबली आहेत. माझ्या मुलीच्या पिढीत कराचीला सून म्हणून जाणारी एकही मुलगी मला माहीत नाही. खालाच्या पिढीतली माणसे दर वर्षी कमी होत आहेत. आणखी दहा-पंधरा वर्षांनी हा व्हिसा मागायला कोणी उरणारच नाही आणि फाइल आपोआप बंद होईल. म्हणूनच घाई आपल्याला करावी लागेल.

आपल्या चळवळीच्या गेल्या बैठकीत यावर चर्चा झाली. मागणी मोठी ठेवायची नाही असे ठरले. थेट विमान, उघडी सीमा, क्रिकेट, व्यापार हे सगळे नंतर. आत्ता एवढेच मागायचे: ६५ वर्षांवरच्या आणि सख्खे नाते असलेल्या व्यक्तीला, आजारपण किंवा मृत्यूच्या कारणासाठी, एका शहरापुरता, पंधरा दिवसांचा व्हिसा. तो दोन्ही सरकारांनी द्यावा. दिल्ली-इस्लामाबादला खेटे घालावे लागू नयेत, अर्ज टपालाने किंवा ऑनलाइन घेतला जावा. तुरुंगात मरण पावलेल्या खलाशाचा मृतदेह ठरावीक मुदतीत आणि थेट हवाई किंवा सागरी मार्गाने यावा. हे निवेदन आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला आणि कोकण, पालघर, मुंबईच्या खासदारांना द्यायचे आहे. पाकिस्तानच्या सरकारलाही तेच मागणे आहे आणि त्याची प्रत त्यांच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाकडे उघडपणे जाईल. बैठकीत एका तरुण मित्राने विचारले, "यातून आपल्यावरच शिक्का बसेल, नाही का?" बसेल. तो न मागताही बसलेलाच आहे.

यासाठी वाचकांकडून माहिती हवी आहे. नावे छापणार नाही, कोणालाही दाखवणार नाही. निवेदनात फक्त आकडे आणि हकिकती जातील. कळवायचे ते एवढेच: इथल्या व्यक्तीचे वय, तिथल्या व्यक्तीचे वय, दोघांतले नाते, शेवटची भेट कोणत्या साली झाली, त्यानंतर व्हिसा मागितला होता का आणि काय उत्तर आले. मराठी, उर्दू, इंग्रजी, कोणत्याही भाषेत लिहा. इंग्रजी विभागाच्या वाचकांसाठी हेच आवाहन तिथेही दिले आहे. हिंदू, ख्रिस्ती, कोळी, आदिवासी कुटुंबांना तुम्ही ओळखत असाल तर त्यांच्यापर्यंत हे पोचवा. त्यांच्याशिवाय ही यादी अर्धी राहील.

पहिली नोंद मी काल रात्री भरली. इथल्या व्यक्तीचे वय ८०. तिथल्या व्यक्तीचे वय ८६. नाते सख्खी बहीण. शेवटची भेट २००५. अम्मीला वाचून दाखवले तेव्हा तिने एक दुरुस्ती सांगितली: खाला ८६ ची नाही, ८७ ची आहे, पासपोर्टवर एक वर्ष कमी लागले आहे.